तिसरी प्रत काटोलला

रजनीताई गावंडे कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की पाणी पिण्याआधी एक प्रश्न विचारायच्या. भिंतीवरच्या फोटोकडे बघत, पर्स मांडीवर धरून, अगदी सहज. "याची दुसरी प्रत कुठं हाय?"

धरमपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दिवाणखान्यात माझ्या सासऱ्यांचा एक जुना फोटो होता. कोट, टोपी, हातात काठी. त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, "दुसरी नाही. एवढाच आहे." त्यांनी हातातला ग्लास तसाच खाली ठेवला, खुर्ची ओढली, पायातले बूट काढले आणि खुर्चीवर चढल्या. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मोबाइल फ्रेमसमोर धरून त्या माझ्याकडे वळल्या. "वहिनी, काचेवर उजेड येऊन राहिला. तेवढा पडदा ओढता का?"

मी पडदा ओढला. फोटो काढून त्या खाली उतरल्या, पदराने खुर्ची पुसली आणि मग पाणी प्यायल्या. "आता दोन झाले," म्हणाल्या. "घरी गेल्यावर तीन करते."

विनायक, माझा नवरा, सोफ्यावर बसून हसत होता. निवृत्त झाल्यापासून तो असा मोकळा हसलेला मला आठवत नव्हता. माझ्या मत्सराची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं, तर मी त्या पडद्यापाशी बोट ठेवीन. माझ्याच घरात, माझ्याच सासऱ्यांसाठी, मी दुसऱ्या बाईच्या हाताखाली काम करत होते.

रजनीताई विनायकच्याच सरकारी कार्यालयात होत्या. तो इंजिनिअर, त्या संगणक विभागात. कार्यालयात पहिला संगणक आला तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढायलाही लोक घाबरत. त्या काळापासून त्यांनी ते खातं सांभाळलं. लग्न केलं नाही. मानेवाड्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या आणि स्कूटीवरून सगळं नागपूर फिरायच्या. नोकरीत असताना विनायकच्या तोंडून त्यांचं नाव मी क्वचितच ऐकलं होतं. निवृत्तीनंतर मात्र ते रोज ऐकू येऊ लागलं, आणि त्याला कारण पक्षी.

विनायकला पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायचा नाद लागला. फोटो काढणारे पुष्कळ असतात. याला फक्त आवाज हवे होते. मुठीत मावेल एवढं एक यंत्र घेऊन तो पहाटे अंबाझरीला, गोरेवाड्याला, कधी थेट उमरेडच्या रस्त्याला जायचा. सुरुवातीला कार्यालयातले चारपाच निवृत्त लोक बरोबर असत. पण पक्ष्याचा आवाज घ्यायचा तर तासन्‌तास तोंड बंद ठेवावं लागतं, आणि ते निवृत्त माणसाला जमत नाही. एकेक जण गळाला. राहिले विनायक आणि रजनीताई.

मलाही बोलावलं होतं त्याने. माझे गुडघे तेव्हा गेलेलेच होते, शिवाय पहाटे उठून झुडपात बसणं मला मुळात पटत नव्हतं. मी शाळेत भूगोल शिकवला. तळ्याची खोली, पाण्याचा उगम एवढं मला ठाऊक, तळ्याकाठी कोण ओरडतं ते नाही. मी नाही म्हटलं. आणि नाही म्हटल्यावर रोज सकाळी फ्लॅटच्या खिडकीतून त्या दोघांना जाताना बघत राहिले.

पहिल्या वर्षी विनायकचं यंत्र पाण्यात पडलं आणि तीन महिन्यांचे आवाज गेले. तो दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी रजनीताई लॅपटॉप घेऊन आल्या, डब्याच्या कापडी पिशवीत घालून. त्यांनी आमच्या लॅपटॉपवर एक फोल्डर तयार केला, त्याला 'आवाज' असं नाव दिलं आणि तो इंटरनेटवरच्या साठवणीला जोडून दिला. या फोल्डरमध्ये काहीही टाकलं की ते आपोआप वर जाणार आणि तिथे सुरक्षित राहणार, एवढं मला कळलं. फाइल वर पोचली की तिच्या नावाशेजारी एक हिरवी खूण उमटायची.

"इनायकराव," त्या म्हणाल्या, "जंगलातून आलं की पहिलं हे. चहा मंग. हिरवी खूण दिसल्याबिगर जेवाले बसायचं नाही."

इनायकराव. विनायकमधला 'व' त्या खाऊन टाकायच्या आणि त्याला ते आवडायचं. मी त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. माझं 'अहो' होतं. आता चाळीस वर्षांनी ते बदलणं विचित्र दिसलं असतं.

ती हिरवी खूण आमच्या घरातली एक व्यक्ती होऊन बसली. विनायक परत यायचा, हात न धुता लॅपटॉप उघडायचा आणि खुणेची वाट बघत बसायचा. मी पोहे वाढून ठेवायची. वर तर्री घातलेली, थंड झाली की चव जाते. मी म्हणायची, "अहो, निवतंय." तो म्हणायचा, "एक मिनिट, सुमेधा. रजनीताईंनी सांगितलंय." पोहे निवायचे.

त्याहून बोचायची ती एक दुसरीच गोष्ट. तो खातं उघडायला गेला की संगणक मधूनच ओळख पटवायला सांगायचा आणि मोबाइलवर आकडे पाठवायचा. ते आकडे यायचे रजनीताईंच्या फोनवर, कारण खातं त्यांनी उघडलं होतं आणि नंबर त्यांचा दिला होता. मग विनायक त्यांना फोन लावायचा. फोनवर आकडे सांगायला किती वेळ लागतो? पण त्यांचं बोलणं आकड्यांपाशी थांबायचं नाही. नवरंग आला का, धनेशाने ढोलीत चिखल लावला का, हे सगळं व्हायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. माझ्या नवऱ्याच्या वस्तू उघडायच्या तर आधी दुसऱ्या बाईला विचारावं लागतं, हे मी कुणाला सांगणार होते?

आणि त्या फोनवरच मला विनायकची दुसरी भाषा ऐकू येऊ लागली. मी साताऱ्याची. विनायक नागपूरचा, जुन्या महाल वस्तीतला. पण लग्नाच्या पहिल्या दिवसापासून तो माझ्याशी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलला. तसं बोल असं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच ठरवलं होतं आणि आयुष्यभर पाळलं. रजनीताईंशी बोलताना मात्र त्याचा आवाज सैल व्हायचा, जड बूट काढून चप्पल घातल्यासारखा. "काहून वं, काल आली नाही तू?" 'वं' म्हणजे आमच्याकडचं 'गं'. माझ्याशी तो कधी 'वं' म्हणाला नाही. ते मला हवं होतं असंही नाही. पण एका माणसाजवळ बोलायच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्यातली घरची तऱ्हा दुसऱ्याच बाईसाठी राखलेली आहे, हे कळल्यावर काय वाटतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

आमच्या सोसायटीतही रजनीताईंचं प्रस्थ वाढलं. खालच्या मजल्यावरच्या देशमुखांच्या सुनेचा लॅपटॉप बसमध्ये चोरीला गेला. तिचा सगळा प्रबंध त्यात होता. पण महिन्याभरापूर्वीच जिन्यात गाठून रजनीताईंनी तिचा फोल्डर वर जोडून दिला होता. सुनेने दुसऱ्या संगणकावर तो उघडला आणि रडतरडत त्यांना मिठी मारली. नंतर मला जिन्यात जो भेटेल तो म्हणे, "तुमच्या त्या रजनीताई म्हणजे देवमाणूस." माझ्या त्या.

एका लग्नात तर त्यांनी कमालच केली. नवरानवरीला आहेर देऊन स्टेजवरून उतरता उतरता त्या फोटोग्राफरपाशी थांबल्या. "बापू, आजचं सगळं त्या एकाच कार्डात हाय का?" तो म्हणाला, हो मावशी, घरी गेल्यावर उतरवतो. "आणि घरी जाताना गाडीवरून पडला तं?" त्याच्या पिशवीतला लॅपटॉप काढायला लावून, जेवणाच्या पंगतीशेजारी बसून त्यांनी अर्ध्या लग्नाची प्रत करवून घेतली. विनायक तिथेच त्यांच्याशेजारी पान घेऊन बसला. मी दुसऱ्या टोकाला नवरीच्या आत्याशी बोलत होते. आत्या काय बोलल्या ते मला आठवत नाही.

एकदा मीही प्रयत्न केला. आमचा मुलगा अनिकेत बंगळुरूला असतो. त्याच्याकडून फोनवर समजून घेऊन मी माझ्या शाळेच्या सहलींचे जुने फोटो स्कॅन केले, वेगळा फोल्डर केला आणि तो स्वतः वर जोडला. आठवडा लागला. शेवटच्या फोटोशेजारी हिरवी खूण उमटली तेव्हा मी विनायकला हाक मारली. तो आला, चष्मा वर करून वाकून बघितलं, आणि कौतुकाने म्हणाला, "अरे वा. रजनीताईंनी करून दिलं का?"

मी हो म्हटलं. नाही म्हणण्यात काही अर्थ उरला नव्हता.

एवढं सगळं असून त्या बाईचा राग धरणं मला कधी पुरतं जमलं नाही, आणि हाच माझा खरा त्रास होता. त्या लबाड असत्या, लाडिक असत्या, तर सोपं झालं असतं. पण त्या आल्या की थेट स्वयंपाकघरात यायच्या, मला पोळ्या लाटू द्यायच्या आणि स्वतः भाजायच्या, आणि जे मनात असेल तेच बोलायच्या. मी एकदा नवी साडी नेसून कशी दिसते विचारलं. "साडी चांगली हाय," त्या म्हणाल्या, "तुमच्यावर नाही." मी ती साडी नंतर बहिणीला दिली. खरोखरच माझ्यावर चांगली दिसत नव्हती.

अशाच एका दुपारी पोळ्या भाजताना त्यांनी मला त्यांच्या त्या प्रश्नाचं मूळ सांगितलं. त्यांना एक मोठा भाऊ होता. शिकायला नागपूरला होता, तापाने गेला. त्याचा एकच फोटो होता, शाळेच्या ओळखपत्रावरून काढून ठेवलेला. वडिलांनी तो मोठा करायला सीताबर्डीच्या एका स्टुडिओत दिला आणि त्याच आठवड्यात त्या दुकानाला आग लागली.

"आई म्हने त्याचं नाक माझ्यासारखं होतं," रजनीताई म्हणाल्या. "बाबा म्हनत, नाही, माझ्यासारखं. दोघं यावरून भांडत. मंग दोघंही गेले. आता मी म्हनते तेच नाक." त्यांनी पोळी उलटली. "आणि मले तं आठवतच नाही."

त्या दिवशी त्या गेल्यावर मी बराच वेळ गॅसपाशी उभी राहिले. मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि वाटली याचाच राग आला.

विनायक होळीनंतर गेला. सकाळी अंबाझरीहून आला, लॅपटॉप उघडला, आणि खुर्चीतच मान टाकली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. रजनीताई आल्या तेव्हा त्यांच्या पायात बूट नव्हते. अनवाणीच स्कूटी चालवत आल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत राहिल्या. माझ्या नणंदेने हळूच मला विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "यांच्या ऑफिसातल्या." तेराव्यापर्यंत त्या रोज आल्या आणि नंतर यायच्या थांबल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही. मीही बोलावलं नाही.

अनिकेत महिनाभर राहिला. बंगळुरूचं काम तो विनायकच्या लॅपटॉपवरून करायचा. लॅपटॉप भरलेला होता, हळू चालायचा. बाबांचे आवाज वर सुरक्षित आहेत हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने जागा करायला लॅपटॉपवरचा 'आवाज' फोल्डर पुसून टाकला. वर खातंही भरल्याच्या सूचना येत होत्या. त्याने तिथली कचरापेटीही साफ केली, आणि सगळं वर आहेच म्हणून बाबांचं यंत्रही पुसून ठेवलं. पोरगं व्यवस्थित आहे, काम अर्धवट टाकत नाही. मग तो गेला आणि मी घरात एकटी उरले.

उन्हाळा उतरता उतरता मला विनायकचा आवाज ऐकावासा वाटू लागला. पक्ष्यांचा नाही, त्याचा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तो जागा आणि हवा सांगायचा, तेवढं मला माहीत होतं. मी लॅपटॉप उघडला. फोल्डर नव्हता. खातं उघडायला गेले तर त्याने आकडे मागितले, आणि ते कुठे गेले असतील ते मला ठाऊक होतं. मी फोन हातात धरून बसले. शेवटी फोन त्यांचाच आला.

"वहिनी, माझ्याकडे आकडे आले. तुम्ही उघडून राहिल्या का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी आकडे सांगितले. मी घातले. आत माझ्या सहलींचे फोटो तेवढे होते, आवाज एकही नव्हता. मी तसं सांगितलं. "हात लावू नका कशाले," त्या म्हणाल्या. "मी येते."

त्या आल्या, बसल्या, इकडेतिकडे शोधलं. अनिकेतला फोन लावला आणि त्याने काय केलं ते शांतपणे ऐकून घेतलं. तो बिचारा पुन्हापुन्हा म्हणत होता, "पण मावशी, वर होतं ना?" फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"हे जोडलेलं असते नं, वहिनी, ते आरशासारखं असते. इकडं ठेवलं की तिकडं दिसते. इकडचं काढलं की तिकडचंही जाते. पोराची चूक नाही. लोक याले दुसरी प्रत समजतात. तिकडच्या पेटीत महिनाभर राहते, पण तीही त्यानं साफ केली."

"म्हणजे गेलं?"

"इथलं गेलं." त्यांनी लॅपटॉप बंद केला. "उद्या सकाळी तयार राहा. काटोलले जाऊ."

काटोलला त्यांची धाकटी बहीण राहते. दर दिवाळीला आणि संक्रांतीला रजनीताई तिच्याकडे जायच्या, आणि जाताना एका हार्डडिस्कवर सगळं उतरवून न्यायच्या. हे त्यांनी मला सांगितलं ते बसमध्ये, खिडकीशी बसून, बाहेर संत्र्याच्या बागा मागे पळताना. "एक प्रत हातात, एक वर, आणि तिसरी दुसऱ्या गावाले. ऑफिसातही मी असंच करत होते. साहेब लोक हसत."

"यांना माहीत होतं?"

"हो. तेच म्हनत, रजनी, तू गेल्यावर काटोलले कोन जाईल?"

बहिणीच्या घरी अंगणात निंबाची सावली होती. बहिणीने कपाटातून साड्यांच्या घड्यांमधून ती डिस्क काढली. तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता. रजनीताईंनी ती आपल्या लॅपटॉपला लावली. फोल्डर उघडला. संक्रांतीपर्यंतचं सगळं त्यात होतं. त्यांनी मधलीच एक फाइल लावली आणि ओसरीवर विनायक बोलू लागला.

"गोरेवाडा. वारा नाही. ढग आहेत." हे त्याचं मला ओळखीचं मराठी. मग पानं चुरडल्याचा आवाज, आणि मग हळू, अगदी जवळून, "ए रजनी, गप नं वं जरा. तांबट बोलून राहिला."

"मी कुठं बोलून राहिली? तुमचं पोटच बोलून राहिलं."

आणि तो हसला. दाबून, नाकातून, मग न राहवून मोठ्याने. तांबट उडून गेला असणार, कारण पुढे कसलाच पक्षी नव्हता, नुसतं दोघांचं हसू होतं.

मी इतक्या दूर, बसचे धक्के खात, ज्या आवाजासाठी आले होते तो मिळाला होता, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता. त्याच्या जिवंतपणी निदान मी स्वयंपाकघरातून मध्येच हाक मारू शकत होते. इथे ती सोय नव्हती. जे काही त्याचं उरलं होतं, ते सगळं असंच होतं, तिच्याशी बोललेलं. मी उठून अंगणात गेले. बहिणीने चहा आणला, तो हातात धरून उभी राहिले.

रजनीताई मागून आल्या. त्यांनी काही समजावलं नाही. एवढंच म्हणाल्या, "वहिनी, माझा आवाज काढून टाकता येते. थोडा वेळ लागेल, पण येते. फक्त त्यायचा ठेवते. मंग तुम्ही ऐका."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या खरंच तसं करणार होत्या. चार वर्षांच्या सगळ्या सकाळींमधून स्वतःला एकेक करून कापून काढणार होत्या आणि मला देणार होत्या. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"मग ते कुणाशी बोलतायत असं वाटेल?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "कोनाशीच नाही," त्या म्हणाल्या.

विनायक झुडपात एकटा बसून, कुणीही नसताना, गप म्हणतोय, हसतोय, आणि पलीकडून कुणी बोलत नाही. मला ते डोळ्यांसमोर आलं आणि बघवेना.

"राहू द्या," मी म्हटलं. "तसंच राहू द्या."

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. कळमेश्वर मागे पडल्यावर मी विचारलं, "संक्रांतीनंतरचं सगळं गेलं, नाही का?"

"गेलं."

"शेवटच्या दिवशीचंही."

"तेही."

"त्यात काय होतं? तुम्ही होता ना बरोबर."

मला काय ऐकायचं होतं ते त्यांना कळलं असणार. कुणालाही कळलं असतं. माझ्याबद्दल काही. घराबद्दल, परत जायच्या घाईबद्दल, निवणाऱ्या पोह्यांबद्दल, काहीही. एक वाक्य त्यांनी रचून सांगितलं असतं तर मी ते जन्मभर जपलं असतं आणि पडताळून बघायला आता जगात काही उरलंच नव्हतं.

"काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते त्या दिवशी बोललेच नाहीत. हळद्या बोलून राहिला होता, आणि आम्ही दोघं ऐकून राहिलो होतो. बस, तेवढंच."

मी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी बघितलं आणि बघितल्याचं दाखवलं नाही.

त्यानंतर त्यांनी माझ्या नावाने नवं खातं उघडलं, नंबर माझा दिला, आणि सगळं मला शिकवलं. चुकले की ओरडल्या. दर शनिवारी दुपारी त्या यायच्या. आम्ही दोघी बसून एकेक फाइल ऐकायचो आणि कोणता पक्षी आहे ते त्या सांगायच्या, मी लिहून घ्यायची. ऐकताऐकता मला त्यांचे विनोद पाठ झाले, कुठे विनायक हसणार तेही. कधीकधी त्या हसण्याच्या आधीच मी हसायची. मत्सर गेला असं मात्र म्हणवत नाही. तो त्या शनिवारांना आमच्याबरोबरच बसलेला असायचा, फक्त त्याची सवय झाली होती. एकदा रेकॉर्डिंगमध्ये विनायक म्हणाला, "सुमेधाले हे आवडलं असतं." सुमेधाले. मी ती फाइल थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. रजनीताई उठून चहा करायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

गेल्या वर्षी त्यांचे डोळे अधू झाले. रायपूरला भाची डॉक्टर आहे, तिने हट्टाने तिकडे नेलं. त्या निघाल्या त्या सकाळी मी मानेवाड्याला गेले. टेम्पोत सामान चढत होतं. सामान फारसं नव्हतंच. आम्ही दोघी इमारतीच्या पायरीवर बसलो. भाची वर कुलूप लावायला गेली होती, आणि मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारता येणार नाही.

"रजनीताई," मी म्हटलं, "तुमचं आणि यांचं काय होतं?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. पायरीवरची धूळ त्यांनी पदराने जरा झटकली. जाड चष्म्यातून माझ्याकडे बघण्याचा प्रयत्न केला.

"त्यायच्याकडून काही नव्हतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडचं मले इचारू नका."

टेम्पोवाल्याने मागची साखळी लावली. भाची जिन्यावरून खाली येताना दिसली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांनी खरं सांगितलं असतं.